गिब्सनचा टाक, पांढरा ब्लाउज आणि जस्ताचा ब्लॉक

टाकदौत

चार्ल्स डाना गिब्सन या अमेरिकन रेषाचित्रकारावर (१८६७–१९४४) जालावर भरपूर लिहिलेलं सापडतं, पण बहुतेक लेख ‘गिब्सन गर्ल’च्या, म्हणजे त्यानं काढलेल्या डौलदार तरुणीच्या, अंबाड्यापाशीच थांबतात. या धाग्यात तिच्या अंगावरच्या आणि आजूबाजूच्या वस्तूंबद्दल बोलू या: कॉलर, टोपी, बाही, आणि त्या काढणारी शाईची रेघ. काळ साधारण १८९५ ते १९१७, गाव न्यूयॉर्क.

माझा मुद्दा आधीच मांडतो. त्या काळच्या शाईच्या चित्रात माणूस कुठल्या थरातला आहे हे चेहऱ्याच्या आधी कळतं ते चित्रकारानं कागद कुठे कोरा ठेवलाय त्यावरून. गिब्सनकडे श्रीमंती म्हणजे कोरा कागद.

कॉलर घ्या. पुरुषांची कॉलर तेव्हा शर्टापासून सुटी असायची. पुढून-मागून धातूच्या बटणानं ती शर्टाच्या पट्टीला अडकवायची, मळली की तेवढीच धुवायची, खळ घालून कडक इस्त्री करायची. न्यूयॉर्क राज्यातलं ट्रॉय हे गाव या कॉलरींच्या धंद्यावरच नावारूपाला आलं. गिब्सन ही कॉलर जवळजवळ दोन रेघांत संपवतो: वरच्या काठाची एक बारीक रेघ, हनुवटीखाली सावलीचा छोटा तुकडा, बाकी सगळं पांढरं. शेजारी कोटाचा गच्च काळा भाग असतो, त्यामुळे ते पांढरं आणखी कडक वाटतं. कामगार किंवा फेरीवाला काढायची वेळ आली की कॉलर जाते. उरते शर्टाची नुसती पट्टी, गळ्याची शीर, मानेखालची सावली, आणि हे दाखवायला आडव्या-तिरप्या रेघांची जाळी लागते. गरीब माणसावर शाई जास्त खर्च होते.

टोप्यांचंही तेच. उंच रेशमी टोपी जवळपास पूर्ण काळी आणि त्यात एक उभा पांढरा पट्टा सोडलेला; तो पट्टा म्हणजे ब्रश फिरवून आणलेली चकाकी, आणि रोज ब्रश फिरवायला घरात नोकर लागतो. डर्बी ही गोल घुमटाची टोपी फेल्टची, तिला तशी चकाकी नाही, म्हणून घुमटाच्या गोलाईबरोबर वळणाऱ्या आखूड रेघा. कापडी कॅपची कड मऊ, म्हणून रेघही तुटक. अगदी दोन सेंटिमीटरच्या आकृतीतसुद्धा हा फरक टिकतो.

मिस्टर पिपची मालिका (‘लाइफ’ साप्ताहिक, १८९८–९९) यासाठी मुद्दाम पाहावी. पैसा पिपचा, पण पानावरची जागा उंचपुऱ्या बायकोची आणि मुलींची. तो बुटका माणूस त्यांच्या झग्यांच्या घोळात हरवून जातो.

जस्तपत्रा

निरीक्षण पटलं, पण त्याचं अर्धं कारण ब्लॉकखात्यात, म्हणजे छपाईचे ठसे बनवणाऱ्या खात्यात आहे. ते लक्षात न घेता कोऱ्या कागदाचा अर्थ लावला तर चित्रकाराच्या पदरी नसते हेतू बांधले जातील.

रेषाचित्राचा लाइन ब्लॉक असा व्हायचा. मूळ चित्र कॅमेऱ्यासमोर लावून ओल्या कलोडियनच्या, म्हणजे उजेडाला जागणाऱ्या लेपाच्या, काचेवर निगेटिव्ह घ्यायची. चित्र लहान करायचं ते इथेच. निगेटिव्हची फिल्म काचेवरून सोडवून उलटी बसवायची, नाहीतर छापील चित्र आरशातल्यासारखं येतं. मग जस्ताच्या पत्र्यावर अंड्यातला पांढरा भाग आणि बायक्रोमेट यांचा लेप देऊन निगेटिव्हखाली उजेड दाखवायचा. जिथे उजेड लागला, म्हणजे चित्रातली काळी रेघ, तिथे लेप कडक होतो. सगळ्या पत्र्यावर शाईचा रूळ फिरवून पाण्याखाली कापसानं हलकं चोळलं की बाकीचं निघून जातं. उरलेल्या चिकट रेघांवर ड्रॅगन्स ब्लड नावाच्या तांबड्या राळेची पूड टाकायची, पत्रा तापवून ती वितळवायची, आणि पत्रा नायट्रिक आम्लाच्या हलत्या तबकात सोडायचा.

आम्ल खाली खातं तसं बाजूनंही खातं. म्हणून पहिला चावा उथळ ठेवायचा, पत्रा धुवून वाळवायचा, राळेची पूड ब्रशनं चारही दिशांनी एकेकदा सारून रेघेच्या बाजूंना बसवायची, दर वेळी तापवायचं, आणि पुन्हा आम्ल. असे तीन-चार चावे. मोठे पांढरे भाग शेवटी राउटरनं खोल खरवडायचे, नाहीतर तिथे शाईचे डाग उठतात. मग पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून उंची टायपाइतकी, म्हणजे ०.९१८ इंच करायची. यानंतर चित्र आणि मजकूर एकाच फर्म्यात छापता येतात.

बिघाड कुठे होतो ते पाहा. मूळ चित्र लांबी-रुंदीत निम्मं केलं तर ०.४ मिमीची रेघ ०.२ होते आणि दोन रेघांमधली ०.३ची फट ०.१५. एवढ्या फटीत छपाईची शाई भरते आणि जाळीच्या जागी काळा चिखल दिसतो. उलट सुटी, केसासारखी रेघ बाजूनं खाल्ली जाते आणि मधेच तुटते. एकटा ठिपका तर उडूनच जातो. पाणी घातलेली करडी शाई सगळ्यात वाईट. कॅमेऱ्याला करडं माहीत नाही, त्यामुळे तीच रेघ अर्धी काळी येते, अर्धी गायब.

कलोडियनची काच निळ्या उजेडालाच जास्त जागते. म्हणून फिक्या निळ्या पेन्सिलीचं रेखाटन पुसलं नाही तरी चालायचं, ते निगेटिव्हवर कोऱ्या कागदासारखंच येई. तपकिरी डाग आणि पिवळा पडलेला कागद मात्र काळवंडून यायचे. चहाचा डाग दिसायला फिका असला तरी तो चायनीज व्हाइट या पांढऱ्या रंगानं झाकल्याशिवाय चित्र पाठवू नये, असा हिशेब.

तेव्हा कोरा कागद ही श्रीमंतांची खूण खरी, पण तो सुरक्षित छपाईचाही मार्ग होता. गिब्सन दोन्ही गोष्टी एका रेघेत साधतो. त्याचं मोठेपण मला तिथे दिसतं.

मनगट

निब कुठली वापरायचे? आणि आज तशी रेघ काढायची झाली तर कशावर काढावी?

टाकदौत

@मनगट, त्या काळच्या अमेरिकन आणि इंग्रज चित्रकारांच्या टेबलावर जिलॉटच्या निबा हमखास असत. २९० आणि ३०३ लवचीक आहेत, दाबलं की टोक फाकतं आणि रेघ फुगते. ४०४ ताठ आहे, सुरुवातीला तीच बरी. शाई पाण्यानं न विरघळणारी काळी. ब्रुकलिनची हिगिन्स तेव्हाही मिळत होती. कागद गुळगुळीत ब्रिस्टल बोर्ड. खरखरीत कागदावर लवचीक निब वर ढकलताना तंतूत अडकते आणि शिंतोडे उडतात.

नव्या निबेवर गंज लागू नये म्हणून थर दिलेला असतो, तो काढल्याशिवाय शाई धरत नाही, थेंब होऊन घसरते. थोडा साबण लावून कोमट पाण्यात धुवावी. काहीजण काडीच्या ज्योतीवर धरतात. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरली तर पोलादाचं पाणी उतरतं आणि टोक फाकलेलंच राहतं.

गिब्सनसारखी झग्याची लांब रेघ मनगटातून येत नाही, खांद्यातून येते. म्हणून मूळ चित्र मोठं हवं. त्याची मूळ चित्रं साठ-सत्तर सेंटिमीटरपर्यंतची आहेत. रेघ हलक्या हातानं सुरू करायची, मध्यावर दाब वाढवायचा, शेवटी उचलायचा. मधे शाई संपली की रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर रेघा उमटतात आणि मधलं पांढरं राहतं. तिथे रेघ पुन्हा गिरवू नये, जाडी बदलते. प्रत्येक लांब रेघेच्या आधी टाक बुडवून दौतीच्या काठाला एकदाच टेकवावा. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी निब पाण्यात बुडवून फडक्यानं पुसावी, फटीत वाळलेली शाई हेच निम्म्या तक्रारींचं मूळ असतं.

शिवणटिपण

चर्चा पुरुषांच्या कॉलरीवर चालली आहे, पण थरांची सगळ्यात मोठी सरमिसळ बाईच्या ब्लाउजमध्ये आहे. शर्टवेस्ट म्हणजे पुरुषी शर्टाच्या कापाचा, पुढे बटणांचा, कमरेत गोळा केलेला पांढरा सुती ब्लाउज. खाली साधा गडद घोळदार स्कर्ट. गिब्सननं टेनिस खेळणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या श्रीमंत मुलीला तो घातला आणि चित्रात तो सहज जमतो: बाही, छाती कोरी, कमरेपाशी चुण्यांच्या दहा-बारा रेघा, खाली स्कर्टाच्या लांब काळ्या रेघा. ठसा एकदम उठून दिसतो.

पण हा कपडा शिवायला सोपा, तयार मिळणारा आणि धुता येणारा होता. त्यामुळे टंकलेखिका, दुकानातल्या विक्रेत्या, शाळेतल्या बाई, सगळ्यांच्या अंगावर तो आला. पेहरावावरून थर ओळखणं अवघड झालं. मग चित्रकार कुठे जातात? टोपीवर, हातमोज्यांवर, पादत्राणांवर. ब्लाउज तोच, पण टोपीवर पक्ष्याचं पीस आहे की कापडी फूल, मोजे आहेत की उघडे हात, बुटाची टाच झिजलीय का. १९०० च्या पुढची चित्रं पाहताना नजर आधी पायाकडे न्यावी.

आणि हे ब्लाउज शिवत कोण होतं? न्यूयॉर्कच्या कारखान्यांतल्या ज्यू आणि इटालियन स्थलांतरित मुली. १९०९ च्या हिवाळ्यात हजारो शर्टवेस्ट कामगारांनी संप केला. २५ मार्च १९११ ला ॲश बिल्डिंगच्या आठव्या, नवव्या, दहाव्या मजल्यांवरच्या ट्रँगल कारखान्याला आग लागली, जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं, १४६ माणसं मेली. बहुतेक तरुण मुली. गिब्सनच्या चित्रात जो कोरा कागद मोकळेपणाचा वाटतो, तो कपडा या मजल्यांवर शिवला जात होता. १९०२ च्या सुमारास ‘कॉलियर्स’नं शंभर चित्रांसाठी गिब्सनला एक लाख डॉलर देऊ केले, हा आकडाही याच्या शेजारी ठेवून वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आगीनंतर जॉन स्लोननं ‘न्यूयॉर्क कॉल’ या समाजवादी दैनिकासाठी केलेलं चित्र: एक काळा त्रिकोण, तीन बाजूंवर भाडं, व्याज आणि नफा हे शब्द, एका बाजूला मृत्यू, दुसरीकडे गलेलठ्ठ भांडवलदार, मध्ये जळालेल्या मुलीचा देह. इथे ब्लाउज नाही, कॉलर नाही, टोपी नाही. वस्तूच काढून घेतल्या आहेत.

कोळसाकांडी

टाकदौत यांचं ‘श्रीमंती म्हणजे कोरा कागद’ हे सूत्र गिब्सनपुरतं ठीक. सगळ्या काळाला लावू नका. ‘द मासेस’ हे समाजवादी मासिक (१९११–१९१७) उघडा, तिथे हत्यारच बदललेलं दिसेल. स्लोन, बोर्डमन रॉबिन्सन, रॉबर्ट मायनर यांच्या हातात टाकाऐवजी चरबीयुक्त लिथो क्रेयॉन, म्हणजे शिळाछपाईची काळी कांडी, येतो.

याचंही एक तांत्रिक अंग आहे, जस्तपत्रा यांच्या मुद्द्याला धरून. खरखरीत कागदावर क्रेयॉन फिरवला की कागदाच्या उंचवट्यांवरच काळं बसतं, खळगे पांढरे राहतात. डोळ्याला करडं दिसतं, पण कॅमेऱ्याला ते सुटे काळे ठिपके असतात. म्हणून हाफटोनची, म्हणजे छटांचे ठिपके पाडणारी, जाळी न लावता असं चित्र लाइन ब्लॉकमध्ये करता येतं. हाफटोनला गुळगुळीत, महाग कागद लागतो. लाइन ब्लॉक साध्या कागदावरही छापला जातो. गरिबांच्या बाजूचं मासिक गरिबांच्या कागदावर निघू शकलं त्यात याचा वाटा आहे. अट एकच, चित्र फार लहान करायचं नाही. दोन-तृतीयांशाच्या खाली गेलं की दाणा मिटतो आणि डाग पडतात. क्रेयॉन दाबून काढला तरी तेच. हात हलका ठेवून दोन-तीनदा फिरवलेला चांगला.

क्रेयॉनला इस्त्रीची कड काढताच येत नाही. त्यामुळे या चित्रांत कॉलर चुरगळलेली, टोपी बसकी, शाल जड. कपड्याचं वजन दिसतं. टाकाच्या रेघेत कपड्याची फक्त कड दिसते.

स्टुअर्ट डेव्हिसचं ‘मासेस’चं जून १९१३ चं मुखपृष्ठ या संदर्भात फार महत्त्वाचं आहे. दोन कामकरी मुलींचे मोठे, ओबडधोबड चेहरे. एक दुसरीला म्हणते आहे, अगं मॅग, आपण चक्क मासिकाच्या मुखपृष्ठावर! तेव्हाच्या मासिकांवर गिब्सनच्या वळणाच्या सुंदरींचं राज्य होतं, त्याला दिलेलं हे सरळ उत्तर. यात वस्तू जवळजवळ नाहीत, नुसते दोन चेहरे. ते कुठल्या थरातले आहेत हे सांगायला डेव्हिसला खुर्ची किंवा ब्लाउज लागला नाही.

आर्ट यंगचं मात्र वेगळं. तो टाकच वापरतो, पण रेघ जाड, जुन्या लाकडी ठशासारखी. गलिच्छ वस्तीतली दोन मुलं रात्री आकाशाकडे बघतायत आणि एक म्हणतं, तारे बघ, ढेकणांसारखे दाट आहेत. त्या मुलांच्या घरात कुठली वस्तू आहे हे एका उपमेत कळतं, काढावी लागली नाही.

टाकदौत

कोळसाकांडी, डेव्हिसचं उदाहरण जोरदार आहे. पण तिथेही वस्तूची गैरहजेरी अर्थ देते कारण वाचकाला गिब्सनची भरलेली पानं माहीत आहेत. नुसतं ते मुखपृष्ठ एखाद्याच्या हातात दिलं तर निम्मी धार जाईल.

कोळसाकांडी

नाही पटत. चेहऱ्याचा जबडा, ओठ, बसका बांधा यांतच धार आहे. गिब्सन पाहिला नसेल तरी तो चेहरा मुखपृष्ठावर का आला हा प्रश्न पडतोच.

जुनीपानं

चर्चा छान. जालावर ‘मूळ पान’ म्हणून विकायला असलेल्या गोष्टींबद्दल थोडं, कारण पुनर्मुद्रणावरून निष्कर्ष काढले तर रेघेबद्दलची सगळी बोलणी फुकट.

दहापट भिंग घ्या. लाइन ब्लॉकनं छापलेल्या रेघेच्या कडेला शाईची किंचित गडद किनार दिसते, दाबामुळे शाई बाहेर सरकते म्हणून. पान उलटून तिरप्या उजेडात धरा, गच्च काळ्या भागांच्या मागे बोटाला हलका उठाव लागतो. ऑफसेटच्या पुनर्मुद्रणात रेघ सपाट असते, किनार नाही, उठाव नाही. रेघच ठिपक्यांची बनलेली दिसली तर कुणीतरी छापील पानाचा फोटो घेऊन पुन्हा छापलंय. लेझर प्रिंट असेल तर रेघेभोवती टोनरचे सुटे कण दिसतात.

चित्रात एकसारख्या ठिपक्यांचा किंवा रेघांचा सपाट पट्टा दिसला तर तो बेन डे टिंट असण्याची शक्यता जास्त. चित्रकार तिथे फिका निळा रंग लावून ठेवायचा, ब्लॉकखात्यातला माणूस त्या जागी तयार पोत उमटवायचा. त्या ठिपक्यांवरून चित्रकाराच्या हाताबद्दल काही म्हणू नये.

स्कॅन करताना ६०० डीपीआय, ग्रेस्केल. थेट काळा-पांढरा मोड वापरला तर बारीक रेघा तुटतात आणि आपल्याला वाटतं गिब्सनचीच रेघ तुटली.

शिवाय वस्तूंवरची चित्रं विसरू नका. गिब्सनच्या विधवेच्या मालिकेतली २४ चित्रं रॉयल डॉल्टननं चिनी मातीच्या बशांवर छापली, मध्ये काळं रेषाचित्र आणि भोवती निळा काठ. १९०२ मध्ये गिब्सननं ब्रह्मचाऱ्याच्या खोलीसाठी म्हणून मुलींच्या चेहऱ्यांचं वॉलपेपर काढलं. श्रीमंतांच्या दिवाणखान्याची चित्रं मध्यमवर्गाच्या भिंतीवर आणि फडताळात जाऊन बसली. रेषाचित्र होतं म्हणूनच हे इतकं सहज जमलं. छटांचं चित्र बशीवर उतरवणं फार कटकटीचं.

चिराबाजार

आपल्याकडचा एक धागा जोडतो. चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांची सालं पाहा: १८६७–१९४४. गिब्सनचीच. जे. जे. स्कूलमध्ये शिकले, तिथेच शिकवलं, आणि मुंबईच्या रस्त्यावरची माणसं पोस्टकार्डांपासून पुस्तकांपर्यंत सगळीकडे काढली. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरच्या १९१२ च्या पुस्तकाला त्यांचीच चित्रं आहेत.

पण गिब्सनचं कोष्टक इथे जसंच्या तसं लागत नाही. मुंबईत डोक्यावरची वस्तू आधी जात-जमात सांगते, पैसा नंतर. पुणेरी चक्री पगडी, भाटियांची टोकदार पगडी, पाठारे प्रभूंची वेगळी, पारशांची उंच चकचकीत पगडी किंवा गोल फेटा. भाटियांच्या पगडीचा लाल रंग शाईत हरवतो, म्हणून घाट अचूक काढावा लागतो. टोक जरा चुकलं की माणसाची जात बदलते. पारशी पगडीला मात्र टाकदौत यांनी सांगितलेला रेशमी टोपीचा नियम लागू होतो: काळा भाग आणि सोडलेली पांढरी चकाकी.

पैसा शोधायचा तर खाली या. बूट, पुणेरी जोडा, साधी वहाण, अनवाणी हमाल. मग छत्री, घड्याळाची साखळी, उपरण्याचा काठ. काठ ही जागा विशेष, कारण रेघेत जरतार दाखवता येत नाही. समांतर दोन रेघा आणि मध्ये तुटक ठिपके एवढाच उपाय, आणि ब्लॉक लहान झाला की तो सगळ्यात आधी भरून जातो.

जस्तपत्रा

काठाबद्दल नेमकं सांगितलंत. अशा ठिपक्यांसाठी मूळ चित्रात ठिपक्याचा व्यास निदान ०.६ मिमी आणि दोन ठिपक्यांत तेवढंच अंतर ठेवावं. निम्म्यावर आणल्यावर ०.३ उरतं, तेवढं आम्लही सोसतं आणि रुळाची शाईही. लुगड्याच्या काठाला हेच. रुंद काठ असेल तर ठिपक्यांऐवजी काठ पूर्ण काळा करून त्यात पांढरे ठिपके सोडावेत. काळ्यातलं पांढरं बाजूच्या चाव्यानं उलट थोडं मोठं होतं, म्हणून शाईच्या भरावाला पुरून उरतं. फक्त ते टाकानं सोडत बसू नका. आधी गच्च काळं करून वाळू द्या, मग बारीक ब्रशनं दाट चायनीज व्हाइटचे ठिपके द्या. पातळ दिलेत तर खालचं काळं डोकावतं, आणि कॅमेरा ते काळंच धरतो.